नाकापेक्षा मोती जड नसावा

यंत्रांच्या सहवासात



जुन्या मोटारीचे इंजिन दुरुस्तीसाठी उघडले, की मालकाच्या मनात दोन विचार एकाच वेळी येतात. एक, खर्च किती येईल. आणि दुसरा, एवढे उघडलेच आहे तर थोडी अधिक ताकद भरून घेतली तर काय बिघडले? पहिला विचार शहाणपणाचा आहे, दुसरा स्वाभाविक आहे. या दोन विचारांची गाठ जिच्यापाशी पडते, ती वस्तू म्हणजे कॅमशाफ्ट.

इंदूरच्या एका वाचकांचे या विषयावरील पत्र समोर आहे. त्यांच्या दिवंगत वडिलांची १९७४ सालची ॲम्बॅसॅडर अकरा वर्षे अंगणात उभी होती. धाकटे बंधू म्हणतात, भंगारात द्यावी. आईंची इच्छा अशी, की एकदा तरी ती पुन्हा रस्त्यावर यावी. निवृत्तीच्या रकमेतून त्यांनी इंजिनासाठी ठरावीक पैसे बाजूला काढले आहेत. त्याहून अधिक काढणे शक्य नाही. मिस्त्रीने इंजिन उतरवले तेव्हा कॅमशाफ्टवरील दोन कॅमची टोके झिजलेली आढळली. आता सल्ले तीन आहेत. मिस्त्री म्हणतो, हाच घासून-पुसून परत बसवू. लेथवाला म्हणतो, ग्राइंड करून ‘रेसिंग’चा करून देतो. आणि एक स्नेही म्हणतात, विलायतेहून एम. जी. या स्पोर्ट्स गाडीचा कॅमशाफ्ट मागवा, इंजिन एकच आहे. “तिघांपैकी कोणाचे ऐकावे? चूक झाली तर पुन्हा इंजिन उघडण्याइतके पैसे माझ्यापाशी उरणार नाहीत,” असे त्यांनी लिहिले आहे.

प्रश्न एका घरचा असला तरी अडचण अनेकांची आहे. म्हणून त्याचा विचार येथे सविस्तर करू.

कॅमशाफ्टचे काम

ॲम्बॅसॅडरच्या या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकच्या पोटात असतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा टायमिंग चेनने फिरणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. त्याच्यावर आठ अंडाकृती उंचवटे असतात, तेच कॅम. उंचवटा वर आला की तो टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर शेवटी व्हॉल्व्ह दाबून उघडतो. चार सिलिंडर, प्रत्येकी दोन व्हॉल्व्ह. एक पेट्रोल व हवेचे मिश्रण आत घेणारा इनलेट आणि दुसरा जळलेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट. व्हॉल्व्ह केव्हा उघडावा, किती वेळ उघडा राहावा आणि किती उंच उचलला जावा, या तीनही गोष्टी त्या उंचवट्याच्या आकारात कायमच्या कोरलेल्या असतात. इंजिन सावकाश चालो वा जोरात, कॅम आपला आकार बदलत नाही. साऱ्या अडचणीचे मूळ येथे आहे.

लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घ्या. कार्यालयाला दोन दारे आहेत. एकातून मंडळी आत येतात, दुसऱ्यातून जेवून बाहेर पडतात. गर्दी मोठी असली तर दोन्ही दारे बराच वेळ उघडी ठेवावी लागतात. जाणाऱ्यांच्या ओघाबरोबर येणारेही आत ओढले जातात आणि पंगती भराभर उठतात. परंतु पाहुणे मोजकेच असताना तीच दारे तशीच सताड उघडी ठेवली, तर आलेला माणूस पानावर बसण्याआधीच दुसऱ्या दाराने बाहेर पडतो आणि बाहेर गेलेला पुन्हा आत डोकावतो. जोरात फिरणारे इंजिन म्हणजे गर्दीची पंगत. सावकाश फिरणारे इंजिन म्हणजे मोजके पाहुणे. ‘रेसिंग’चा कॅमशाफ्ट दारे अधिक वेळ उघडी ठेवतो. तो ताकद निर्माण करीत नाही. इंजिनाचा श्वास कोणत्या वेगाला मोकळा व्हावा एवढेच ठरवतो.

दोन भावंडे, दोन स्वभाव

आता आकड्यांकडे वळू. ते थोडे रुक्ष वाटतील, पण उत्तर त्यांतच आहे.

ॲम्बॅसॅडर ही मूळची इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका. हिंदुस्थान मोटर्सने ती कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे १९५७ पासून बनवली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन हे बी. एम. सी. कंपनीच्या ‘बी’ मालिकेतले. त्याच मालिकेचे, त्याच १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन १९५५ साली आलेल्या एम. जी. ए. या दोन आसनी स्पोर्ट्स गाडीत होते. म्हणजे ही सख्खी भावंडेच. परंतु ॲम्बॅसॅडरचे इंजिन सुमारे ५० ते ५५ अश्वशक्ती देई, तर एम. जी. ए. चे आरंभी ६८ आणि लवकरच ७२. स्नेह्यांचा सल्ला येथून आला.

त्या कुटुंबगाडीच्या मूळ कॅमशाफ्टवर इनलेट व्हॉल्व्ह पिस्टन अगदी वर पोहोचण्यापूर्वी ५ अंश उघडतो आणि पिस्टन खाली जाऊन परतल्यावर ४५ अंशांनी मिटतो. मधले १८० अंश मिळवले की तो एकूण २३० अंश उघडा राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ४० अंश आधी उघडतो, १० अंश नंतर मिटतो. तोही २३० अंश. एम. जी. ए. च्या कॅमशाफ्टवर हेच आकडे इनलेटसाठी १६ व ५६, आणि एक्झॉस्टसाठी ५१ व २१ असे आहेत. दोन्ही व्हॉल्व्ह २५२ अंश उघडे. दोन्ही कॅमशाफ्टवर इनलेट पूर्ण उघडण्याचा क्षण मात्र एकच येतो, पिस्टन वर पोहोचल्यानंतर ११० अंशांवर. म्हणजे आखणी तीच ठेवून दार दोन्ही बाजूंनी ११-११ अंश अधिक उघडले एवढाच फरक. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ मात्र १५ अंशांवरून ३७ अंशांवर, म्हणजे दुपटीहूनही वर गेला.

एम. जी. ए. ची ती ६८ अश्वशक्ती मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर मिळे. आपली ॲम्बॅसॅडर किती फेऱ्यांवर जगते? तिचे चाक आणि मागच्या धुरीच्या गिअरचे ४.५५ हे प्रमाण धरून हिशेब केला, तर चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,२०० फेरे करते. ८० किलोमीटरला जेमतेम ३,०००. तेच ५,५०० फेरे चौथ्या गिअरमध्ये गाठायचे, तर गाडी ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास न्यावी लागेल. सुमारे अकराशे किलो वजनाची, वडीलधाऱ्यांना घेऊन चालणारी ही गाडी त्या वेगासाठी जन्मलेलीच नाही. इंदूरहून मानपूरचा घाट चढताना, किंवा बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास उतरताना आणि परत चढताना हवी असते ती खालच्या फेऱ्यांवरची ओढ. दार अधिक वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट हीच ओढ कमी करतो.

आणखी दोन अडचणी आहेत. या इंजिनाच्या हेडमध्ये चार सिलिंडरांना इनलेटची तोंडे दोनच. पहिला-दुसरा एका तोंडावर, तिसरा-चौथा दुसऱ्यावर. व्हॉल्व्ह फार काळ उघडे राहिले, तर शेजारी शेजाऱ्याच्या ताटातला घास उचलतो आणि सिलिंडर असमान भरतात. दुसरे असे, की इनलेट उशिरा मिटला म्हणजे वर येणारा पिस्टन काही मिश्रण परत बाहेर ढकलतो आणि सावकाश चालताना दाब आणखी घटतो. एम. जी. ए. मध्ये दाबाचे प्रमाण ८.३ ला १ होते. जुन्या ॲम्बॅसॅडरमध्ये ते सुमारे सव्वासातच. शिवाय त्या गाडीला दोन कार्ब्युरेटर होते. म्हणजे अधिक अश्वशक्ती एकट्या कॅमशाफ्टने आणलेली नव्हती. हेड, दाब, कार्ब्युरेटर आणि गिअर यांच्या साऱ्या गोतावळ्यासह ती आली होती. गोतावळा न आणता केवळ कॅमशाफ्ट आणला, तर नाकापेक्षा मोती जड होतो. इंजिन उभ्या जागी अडखळते, पेट्रोल अधिक पिते आणि घाटात मालकाला गिअर बदलायला लावते.

तिन्ही सल्ल्यांची पारख

मिस्त्रीचा सल्ला पैशांच्या दृष्टीने मोहक आहे. पण दोन कॅम झिजले आहेत हे कळल्यावर तो मानता येणार नाही. रॉकरमुळे कॅमवरची उंची व्हॉल्व्हपाशी सुमारे १.४ पट होते, म्हणून कॅमवर अर्धा मिलिमीटर झीज झाली की व्हॉल्व्ह ०.७ मिलिमीटर कमी उचलला जातो. त्याहून वाईट म्हणजे कॅमचा कडक थर एकदा फुटला, की खालचा मऊ लोखंडी भाग थांबत नाही. तो बारीक चूर होऊन ऑइलमध्ये मिसळतो आणि नव्याने बसवलेल्या बेअरिंगांवर ओरखडे काढतो. ज्या भागावर आज पैसे वाचवले, तोच भाग उद्या बाकीचे काम खाऊन टाकतो.

मात्र ज्यांच्या कॅमशाफ्टची झीज अजून ठरलेली नाही, त्यांनी आधी मोजमाप करावे. रॉकर काढून प्रत्येक पुशरॉडच्या टोकावर डायल गेज लावावा, इंजिन हाताने फिरवावे आणि आठही उंच्या लिहून काढाव्यात. आठही आकडे जवळजवळ सारखे असतील आणि टॅपेटचे तळ खड्ड्यांवाचून गुळगुळीत असतील, तर जुनाच कॅमशाफ्ट राहू द्यावा. त्याच्या इतका स्वस्त आणि त्या गाडीला शोभणारा दुसरा मिळणार नाही. तेव्हा प्रत्येक टॅपेट मात्र ज्या भोकातून काढला त्याच भोकात परत गेला पाहिजे. खुणा करून ठेवाव्यात.

लेथवाल्याच्या सल्ल्यात अर्धे सत्य आहे. झिजलेला कॅमशाफ्ट ग्राइंड करून पुन्हा मूळ आकारात आणता येतो. उंचवट्यावर धातू चढवता येत नसेल, तर खालचा गोल भाग घासून तो लहान केला जातो. त्यामुळे टॅपेट खाली बसतो आणि रॉकरपाशी पुशरॉडची लांबी वा जुळणी पाहावी लागते. घासताना कडक थर निघून गेला, तर पृष्ठभाग पुन्हा कडक करून घ्यावा लागतो. हे काम कॅम ग्राइंड करण्याचे खास यंत्र आणि मूळ नमुना असलेल्या कारखान्याचे आहे. साध्या लेथवर हाताने ‘रेसिंग’ आकार देणाऱ्याचे नव्हे. घासून आणलेल्या कॅमच्या आठही उंच्या मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

स्नेह्यांच्या सल्ल्याचा विचार वर झालाच. त्यात एका व्यवहाराची भर घालतो. ॲम्बॅसॅडरचा पेट्रोल पंप कॅमशाफ्टवरील एका स्वतंत्र उंचवट्याने चालतो, आणि ऑइल पंप व डिस्ट्रिब्युटर यांनाही गती कॅमशाफ्टच देतो. दुसऱ्या गाडीसाठी बनलेल्या कॅमशाफ्टवर पंपाचा उंचवटा नसेल, तर विजेवर चालणारा पंप वेगळा बसवावा लागतो. म्हणजे पार्सल उघडताच दुसऱ्या खर्चाची यादी सुरू होते.

तेव्हा इंदूरच्या वाचकांस आमचे उत्तर असे : मूळ आखणीचा नवा कॅमशाफ्ट मिळाला तर तो घ्यावा, न मिळाल्यास मूळ आखणीतच ग्राइंड करून, कडक करून घेतलेला घ्यावा. त्यात वाचलेले पैसे पुढील गोष्टींवर खर्च करावेत.

पैसे कोठे घालावेत

पहिला मान नव्या टॅपेटांचा. नव्या किंवा ग्राइंड केलेल्या कॅमवर जुने टॅपेट कधीही बसवू नयेत. टॅपेट कॅमवर नुसता घासत नाही, तो स्वतःभोवती हळूहळू फिरतो आणि त्यामुळे झीज वाटली जाते. जुन्या टॅपेटचा तळ जुन्या कॅमप्रमाणे खोलगट झालेला असतो. तो नव्यावर फिरत नाही, एकाच जागी खरवडतो. बडोद्याच्या एका परिचितांच्या गाडीत नवा कॅमशाफ्ट आणि जुने आठ टॅपेट अशी काटकसर एका गॅरेजने केली होती. काही महिन्यांतच तीन कॅम गोल झाले आणि सारे काम दुसऱ्यांदा करावे लागले.

दुसरा मान टायमिंग चेनचा. चेन ताणली की कॅमशाफ्ट मागे राहतो आणि सारे व्हॉल्व्ह उशिरा उघडतात. उत्तम कॅमशाफ्टही मग मंद वाटतो. तिसरा मान कॅमशाफ्टच्या बुशांचा, कारण ते ढिले असतील तर ऑइलचा दाब टिकत नाही. चौथा मान हेडचा. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. ते शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करीत असे. हेड उतरलेच आहे तर तेथे कडक सीट बसवून, गाइड तपासून, व्हॉल्व्ह नीट लॅप करून घ्यावेत. कुटुंबगाडीला खरी हरवलेली ताकद बहुधा याच कामात परत मिळते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मूळ जोराच्याच घ्याव्यात. अधिक कडक स्प्रिंग म्हणजे कॅमच्या टोकावर अकारण भार.

बसवताना आणि पहिल्या वीस मिनिटांत

कॅमशाफ्ट खुणा जुळवून बसवला तरी एकदा पडताळून पाहावा. ३६० अंशांची चकती कागदावर छापून पुठ्ठ्यावर चिकटवावी आणि क्रँकच्या पुलीवर लावावी. तारेचा एक काटा करावा. पहिला पिस्टन नेमका वर केव्हा येतो ते निश्चित करून तेथे शून्य धरावे. मग त्या सिलिंडरच्या इनलेट पुशरॉडवर डायल गेज लावून, सर्वोच्च बिंदूच्या अलीकडे आणि पलीकडे सारखीच उंची कोठे येते ते अंश नोंदवावेत. दोहोंचा मध्य ११० च्या जवळ आला, तर आखणी बरोबर. फार उशिरा आला, तर चेन, स्प्रॉकेट वा चावी पाहावी. या कामास खर्च नाही, केवळ एक दुपार लागते.

कॅम आणि टॅपेटच्या तळांना जोडणीच्या वेळी लावावयाची घट्ट मॉलिब्डेनमची पेस्ट लावावी. इग्निशन व पेट्रोल आधीच तयार ठेवावे, म्हणजे स्टार्टर वारंवार मारावा लागणार नाही. इंजिन सुरू होताच ते मंद न ठेवता मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर, थोडे खालीवर करीत, वीस मिनिटे चालवावे. कारण असे, की कॅमवर ऑइल मुख्यतः क्रँकने उडवलेले येते. मंद गतीत ते कमी उडते आणि त्याच वेळी स्प्रिंगचा भार कॅमच्या टोकावर पुरेपूर बसतो. नव्या कॅमचे भवितव्य या वीस मिनिटांत ठरते. नंतर ऑइल आणि फिल्टर बदलावा.

ऑइलचीही निवड हवी. टॅपेट व कॅम यांचे रक्षण करणारे जस्त आणि फॉस्फरसचे द्रव्य आजच्या गाड्यांसाठी बनवलेल्या पातळ ऑइलांत कमी केलेले असते, कारण त्याने धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. ॲम्बॅसॅडरला तो नाहीच. तेव्हा २०डब्ल्यू-५० सारखे जाड आणि हे द्रव्य पुरेसे असलेले ऑइल, डब्यावरील माहिती वाचून घ्यावे.

एक कायद्याची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात. त्यांना ‘व्ही ए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत ही तेथे अट आहे, आणि अशी गाडी नित्याच्या वापरास चालवता येत नाही. नोंदणी करावयाची असो वा नसो, मूळ आखणीचा कॅमशाफ्ट हा मार्ग मोकळा ठेवतो.

ज्यांच्या घरी पद्मिनी आहे, त्यांनाही यातील बहुतेक सारे लागू आहे. मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या त्या गाडीचे १०८९ घन सेंटिमीटरचे फियाट इंजिनही ब्लॉकमधील कॅमशाफ्ट आणि पुशरॉड यांवरच चालते. अंशांचे आकडे मात्र त्या इंजिनाच्या पुस्तकातूनच घ्यावेत. येथील आकडे तेथे वापरू नयेत.

आधी शिदोरी, मग जेजुरी, असे आपल्याकडे म्हणतात. कॅमशाफ्टची निवडही तशीच करावी. गाडी कोणत्या रस्त्यावर, किती वेगाने आणि कोणाला घेऊन चालणार हे आधी ठरवावे. कॅमशाफ्ट त्यानंतर निवडावा. पुढील अंकी कार्ब्युरेटरच्या जेटविषयी आलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊ. वाचकांनी पत्रात गाडीचे वर्ष आणि इंजिनाचा प्रकार अवश्य कळवावा.